ब्रेकला पाजलेलं एरंडेल

खंडेनवमीला आमच्या घरात लोखंडाची आंघोळ असते. नांगराचा फाळ, कुऱ्हाडी, खुरपी, सगळं घासून-पुसून, तेल लावून पाटावर मांडायचं. त्या वर्षी या पंगतीत माझी मोटार होती. साताऱ्याहून आणलेली, मी तिचा तिसरा की चौथा मालक. टायर असे गुळगुळीत झालेले की त्यावर पोरांनी धुळाक्षरं गिरवावीत. ते बदलायचं मी म्हणत होतो. मी बरंच काही म्हणत असतो.

गाडीला खोड एकच. ब्रेक दाबला की ती अशी किंचाळायची की इस्लामपूरच्या बाजारात बाया पोरं उचलून कडेला व्हायच्या. माझे वडील, आबा, फौजेतून हवालदार होऊन आलेले. ते म्हणाले, "लेका, मला मिरजंला न्यायचं तर आदी हिचं वराडणं बंद कर. माझा डोळा ऱ्हाऊ दे, कान जातील."

काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेला होता. दुसरा वाचवायचा तर लगेच शस्त्रक्रिया करावी लागेल, गेलेली नजर परत येत नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दसऱ्यानंतरचा दिवस ठरला होता.

आता आमच्या घरात करकरणाऱ्या वस्तूवर इलाज ठरलेला. रहाट करकरला, तेल. बैलगाडीचा आस करकरला, वंगण. मी चारी चाकं काढली, ड्रम उघडले आणि आतल्या पट्ट्यांना एरंडेल चोळलं. हात आखडता घेतला नाही. वर हळदकुंकू, झेंडूची माळ. मग गावातून बैलाच्या चालीनं एक फेरी मारली. हूं नाही की चूं नाही. आबा खूश झाले आणि मी फुगलो. ब्रेकचं काम धरायचं असतं आणि आपण त्याला सटकायला शिकवलंय, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. शाळेत मला विज्ञानात बरे गुण पडत, हे आणखी एक.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरजेला निघालो; रस्ता मोकळा, ब्रेकला पाय लावायची वेळच आली नाही. आष्टा मागं पडलं आणि पुढं भुईमुगाच्या पोत्यांनी भरलेली बैलगाडी दिसली.

"गाडी हाय रं फुडं," आबा म्हणाले.

"दिसली, आबा."

"मग थांबीव की."

"थांबंना."

"आरं, दाब की पायानं!"

"दाबलाय! तळाला टेकलाय!"

हातब्रेक ओढला. त्यालाही तेच एरंडेल पाजलेलं. आबा पलटणीत ओरडावं तसे ओरडले, "डावीकडं! उसात घाल!" मी स्टिअरिंग फिरवलं, ते टायर ओल्या मातीवर साबणासारखे घसरले आणि आम्ही आडवे होऊन उसात शिरलो. गाडीवान मागं वळून म्हणाला, "आवं पाव्हणं, रस्ता हिकडं हाय."

मी हसलो. आबा हसले नाहीत. दोघांनाही खरचटलंसुद्धा नव्हतं. पण ते दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसले होते आणि त्यांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. गाडीवानानं बैल वळवले आणि त्याच बैलगाडीतून ते माघारी गेले.

लढाई बघितलेला माणूस. पण त्यानंतर इंजिनाचा आवाज आला की त्यांना घाम फुटायचा. एसटीच्या पायरीवर पाय ठेवत आणि खाली उतरत. मी विनवलं, आई रडली. "उद्या जाऊ," म्हणायचे. शेवटी बैलगाडीनं न्यायचं ठरलं, तोवर सुगीत बैल अडकले आणि थंडी पडली. मिरजेला पोचलो तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यावर बॅटरी धरली, बराच वेळ धरली आणि विझवली.

परतताना आबा गाडीत माझ्याशेजारी ताठ बसले होते. बैल आपल्या चालीनं चालले होते.

"कुटं आलो रं?"

"आष्ट्याजवळ, आबा."

"मग सांग की, काय काय दिसतंय."

गप्पिष्ट म्हणून मी तालुक्यात ओळखला जातो. साध्या बाजारहाटाची गोष्ट तासभर लांबवतो.

"ऊस," मी म्हणालो.