महेंद्र सरांचं इंग्रजी

जामखेडबाहेरच्या माळावरल्या नर्सिंग कॉलेजात महेंद्र सर इंग्रजी बोलायला शिकवायचे. पेशंटशी कसं बोलावं, डॉक्टरांना काय सांगावं, असलं कामाचं इंग्रजी. त्यांच्या घरात इंग्रजी शिकलेले ते पहिलेच, अन् तेही पुस्तकातून. कानावर कधी फारसं पडलंच नव्हतं.

वर्गात मुली तोंड उघडत नसत. मग सरांनी युक्ती काढली. घरी मोबाईलवर बोलायचं अन् रेकॉर्ड करून फक्त सरांना पाठवायचं. हसायला कुणी नाही. हळूहळू आवाज येऊ लागले. मागं म्हैस हंबरतेय, आई हाका मारतेय, अन् वर्गातली धनश्री ड्यूटी बदलतानाचा रिपोर्ट इंग्रजीत देतेय! सर वाक्य स्वतः म्हणून परत पाठवायचे. धनश्री ते इतक्यांदा ऐकायची, की हुबेहूब सरांसारखं बोलू लागली.

मग संस्थेनं एक ॲप आणलं. उच्चार बरोबर आला की हिरवं, चुकला की तांबडं. पहिल्याच दिवशी धनश्रीचा मोबाईल तांबडाभडक. ती रडवेली झाली.

"आण इकडं, मी दाखवतो," म्हणत सरांनी तेच वाक्य म्हटलं.

तांबडं.

सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. तरी तांबडंच. वर्ग चिडीचूप. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

पुढं पुण्याच्या एका हॉस्पिटलनं व्हिडिओ कॉलवर मुलाखती घेतल्या. संध्याकाळी धनश्रीचा फोन आला.

"सर, त्या मॅडम सारख्या म्हनत हुत्या, परत सांगा, परत सांगा. त्यांला माझं कळंनाच."

"विचारलं काय होतं?"

"तुमी शिकवलेलंच. जसंच्या तसं म्हनलं मी. काय चुकलं सर माझं?"

"तुझं काही नाही गं," सर म्हणाले.

नव्या वर्षी सरांचे तास निम्म्यावर आले. उरलेल्या तासांत मुली कानात वायर घालून स्क्रीनशी बोलतात, अन् सर खिडकीपाशी उभे राहतात. आता कुणीच त्यांना आवाज पाठवत नाही.

धनश्री गावातल्याच एका दवाखान्यात लागली. तिथं इंग्रजीचं काम पडत नाही. परवा बाजारात सर समोर आले, तेव्हा 'गुड इव्हिनिंग' तिच्या ओठांवर आलं होतं.

"बरं हाय का सर?" एवढंच विचारून ती खाली मान घालून पुढं गेली.