शाळेच्या विहिरीतलं मीठ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आता सोलापुरात घर आहे, नळ आहे. तरी पाणी भरलं की मुलांच्या आधी पहिला घोट मी घेतो. घरचे हसतात. हसू देत. मला खरंच भीती वाटते.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. जेऊरजवळच्या एका खेड्यात मी विज्ञान शिकवत होतो. शाळेला नवे संडास झाले होते. त्यांच्या शोषखड्ड्याची जागा आखून दिली होती — मी. विहिरीपासून पन्नास फूट हवी होती. मध्ये खडक लागला, मी तीसवर भागवलं. मुरूम सगळं गाळून घेईल, असं सांगितलं. सांगणाराही मीच.

पाणी जमिनीखालून कसं फिरतं, हे पुस्तकातून काय कळणार? म्हणून मुलांकडून त्या खड्ड्यात पोतंभर खडे मीठ ओतवलं. विहीर खारट झाली, तर खड्ड्यातलं पाणी तिच्यात उतरतं. विहिरीत तेव्हा गुडघाभर पाणी. रोज सकाळी प्रत्येकानं एक घोट चाखायचा. काही लागणार नाही याची मला खात्री होती — की खात्री करून घ्यायची होती?

दहाव्या दिवशी सातवीतली सखू म्हणाली, "गुरुजी, खारट लागतंय की."

"हिला आईची आमटीबी खारटच लागती!" मागून एक पोरगा ओरडला. सगळे हसले.

मी चाखलं. खारट होतं.

"मला तर काही लागत नाही," मी म्हणालो. "पाणी चांगलं आहे."

का म्हणालो? नोकरी कायम व्हायची होती. तीस फुटांचा जाब मलाच द्यावा लागला असता.

आणि संध्याकाळी बायकोला म्हटलं, उद्यापासून मळ्यातल्या विहिरीचं पाणी आण. लांब पडतं, ती म्हणाली. इथं गाळ वर आलाय, मी म्हटलं. म्हणजे माझं घर मी वाचवलं — तेवढं बरोबर सुचलं.

पुढं शाळेशेजारच्या गल्लीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सखू अंथरुणाला खिळली. मी बघायला गेलो तेव्हा डॉक्टर तिथंच होते. पाणी कुठलं पिता, त्यांनी विचारलं.

"शाळंच्या हिरीचं," तिची आई म्हणाली. "पाण्याला काय बी झालं न्हाय, सायेब. ह्या गुरुजींनी सोता चाखून सांगितलंय."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी सखू गेली. त्याच पाण्यानं गेली का? सिद्ध करता येणार नाही. या एका वाक्याच्या आडोशाला मी इतकी वर्षं राहिलो आहे.

जूनमध्ये बदली मागून घेतली. निघालो त्या सकाळी सखूची आई शाळेच्या विहिरीवर पाणी शेंदत होती. मला पाहून तिनं कळशी खाली ठेवली. "जपून जावा, गुरुजी," म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला.

मी तो घेतला. कळशी भरलेली होती.