तात्यांनी वाचलेली कथा

थोरल्या चुलत्यांना मी कथांमध्ये तीनदा मारलं. एकदा विहिरीत ढकलून, एकदा उसाच्या ट्रॉलीखाली, एकदा साप चावून. तिन्ही वेळा भरपूर तडफडवून मारलं आणि तिन्ही कथा भिकार झाल्या. इथं मी त्यांना आदराने तात्या लिहिते आहे ते सवयीने. मनात अरेतुरेच असतं.

कारण सांगते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, बारामतीच्या कॉलेजात शिकत असताना मला नैराश्याने धरलं. अंथरुणातून उठवेना, भाकरी गिळवेना. आठवड्यातून एकदा पुण्याहून बारामतीला येणाऱ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दीड-दोन महिन्यांत मी माझी वेणी मीच घालू लागले. नेमक्या तेव्हा तात्यांनी गोळ्यांची पुडी शेणाच्या पाटीत टाकली. "असल्या गोळ्यांनी डोकं आणखी बिघडतंय. नाटकं हायती समदी," म्हणाले आणि मला देवऋष्याकडं घेऊन गेले. त्याने केस धरून मला घुमवलं, तोंडावर धूर सोडला. माझे हात तात्यांनी घट्ट धरून ठेवले होते. माझे वडील भावांत धाकटे, ते बाहेर चपलांपाशी बसून राहिले.

त्यानंतर जी खचले ती थेट पुण्याच्या दवाखान्यात. तिथल्या औषधांनी हळूहळू सावरले. गावात मात्र तात्या सांगत सुटले, "आमच्या देवऋष्यानं पोरगी बरी केली." हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. माझं दुखणंसुद्धा त्यांनी स्वतःच्या मोठेपणासाठी वापरलं होतं. खरं काय झालं ते चारचौघांत त्यांच्याच तोंडून निघायला हवं, एवढं एकच तेव्हा मला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, राग आला की लिहीत जा. मी लिहिलं. त्या तीन कथा इंदापूरच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांना दाखवल्या. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "अगं, हा माणूस नुसता दात-ओठ खातो. धड बोलत नाही, जेवत नाही. मुळात जिवंतच नाही, तर मारतेस कुणाला?"

मी तणतणत घरी आले. पण त्यांचं खरं होतं. मग मी तात्यांच्या पाळतीवरच राहिले. भावकीतल्या लग्नांत माईक कायम त्यांच्या हातात. निमगाव केतकीच्या एका लग्नात ते पाहुण्यांची नावं पुकारत होते, कुणाला फेटा, कुणाला टॉवेल-टोपी. मी बायकांच्या घोळक्यात बसून ते कुठे श्वास घेतात, 'म्हंजे बघा' किती वेळा म्हणतात, सगळं लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवून घेतलं.

बोलणं हाताला लागलं तसा माणूस उभा राहू लागला, आणि नको तेही आठवलं. लहानपणी मला ताप हटेना, तेव्हा तात्या रोज कन्हेरीहून सायकलवर पेरू आणायचे. बिया काढून नुसता गर भरवायचे. हा उतारा मी चार वेळा खोडला. खोडला की कथा मरायची. शेवटी चडफडत ठेवला. बाकी शेण, केस, धूर, सगळं घडलं तसंच लिहिलं. या वेळी मारलं कुणालाच नाही.

कथेला एका दिवाळी अंकाचं बक्षीस मिळालं. आमच्या गावची रीत अशी, की कुणी काही मिळवलं की मारुतीच्या देवळापुढे सत्कार, आणि नारळ देण्याआधी माईकवाल्याने त्याचा कागद अथपासून इतिपर्यंत वाचायचा. दहावीची गुणपत्रिका असो की नर्सबाईच्या नोकरीचा हुकूम. माईकवाले अर्थात तात्या. आधी एकदा नजर टाकावी, हे त्यांना कमीपणाचं वाटे.

मी अंक त्यांच्या हातात दिला. हो, मुद्दाम.

"म्हंजे बघा, ह्या पोरीला देवऋष्याकडं मीच न्हेली, म्हणून आज ह्यो दिवस," म्हणत त्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली. कथेतल्या काकाचं बोलणं त्यांच्या तोंडात इतकं चपखल बसलं की लोक खुशीत हसू लागले. "असल्या गोळ्यांनी डोकं आणखी बिघडतंय," त्यांनी वाचलं, अगदी त्या दिवशीच्याच ठसक्यात. पुढच्या ओळीत पुडी शेणात पडली. हसणं थांबलं. बायकांतून कुणीतरी म्हणालं, "अगं बया, हे तर ह्यांचंच हाय!"

तात्यांनी घसा खाकरला. माईक माझ्यापुढे धरला. "घसा बसला. फुडचं तू वाच."

अंक त्यांच्याच हातात राहिला. मला कथा पाठ होती. मी सावकाश म्हटली, एकेक शब्द सुटा करून, त्यांच्याकडे बघत. त्यांच्या कपाळावर घाम फुटला. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांचं बोट माझ्याबरोबर ओळींवरून सरकत होतं. एका जागी ते अडलं, पुन्हा वर गेलं, तिथंच थांबलं. मी शेवटपर्यंत म्हणत गेले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

तात्या जवळ सरकले. "पोरी, मधलं ऱ्हायलं," हळू आवाजात म्हणाले. "पेरूचं."

माईक अजून माझ्या हातात होता. तो तोंडाजवळ धरून मी म्हणाले, "तेवढं तुमी घरी वाचा, तात्या."