उजवीकडचं दार

आमच्या गाडीत चालकाने डावीकडून चढायचं असतं.

उजव्या दाराचं लॉक काही वर्षांपूर्वी बिघडलं. दार ना बाहेरून उघडे, ना आतून. बाबा कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. एखादं प्रकरण लांबलं तर त्यात त्यांना गैर काही वाटत नाही. डावीकडून शिरायचं आणि गिअर ओलांडून पलीकडे सरकायचं, अशी पद्धत त्यांनी घरात बसवून टाकली. बरकतपुऱ्यातल्या आमच्या अरुंद गल्लीत गाडी उजवीकडून थेट भिंतीला चिकटवून लावता येते, हा तिचा फायदाही ते शेजाऱ्यांना सांगू लागले. मला गाडी शिकवतानाही पहिला धडा क्लचचा नव्हता. "आधी उजवा पाय पलीकडे टाक, मग ओढणी, मग बाकीची तू."

लायसन्स मला तातडीने हवं होतं. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि ऑफिसच्या कॅबमध्ये माझ्या शेजारी अकाउंट्समधल्या एक मॅडम बसतात. त्या काचीगुड्याला चढतात आणि ऑफिस येईपर्यंत माझ्या लग्नाबद्दल बोलतात. मला लोकांना 'नको' म्हणता येत नाही. (मी हसते. त्याचा अर्थ लोक आपापल्या सोयीने लावतात.) एव्हाना मॅडमकडे माझा फोटो होता आणि नांदेडला एक भाचा तयार होता. स्वतःची गाडी हाच मार्ग उरला होता.

टेस्टच्या आधीच्या आठवड्यात आईने मेथी निवडता निवडता विचारलं, "इन्स्पेक्टर डावीकडे बसणार ना? मग ही कुठून चढणार, त्यांच्या मांडीवरून?"

हा मुद्दा आम्हां दोघांच्याही लक्षात आला नव्हता. बाबा म्हणाले, परेशान व्हायचं काही कारण नाही, व्हिडिओ बघून तासाभरात लॉक नीट करतो. मग ते गाडीत आडवे झाले. व्हिडिओतल्या माणसाने दाराचं आतलं कव्हर काढलं, बाबांनीही काढलं. त्याच्या क्लिपा सुटल्या, आमच्या तुटल्या. पुढे त्याने एक सळई हलवली. बाबांनी त्यांना सापडली ती हलवली, आणि खिडकीची काच शांतपणे दाराच्या पोटात उतरली. ती काही वर आली नाही. लॉक होतं तसंच होतं.

"हवा चांगली येते आता," बाबा आतून म्हणाले.

खिडकीतून चढता येईल, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. आईने मेकॅनिकचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. गाडी नारायणगुड्याच्या मेकॅनिककडे गेली.

मेकॅनिकने दारात डोकावून विचारलं, "कौन हौला खोला इसकू?"

"था एक," बाबा म्हणाले. मग काम संपेपर्यंत त्या मूर्ख हौल्याच्या अकलेबद्दल ते मेकॅनिकपेक्षाही जास्त बोलले. मी मान हलवत राहिले. संध्याकाळी नवं लॉक बसलं, काच वर आली. दार एका बोटाने उघडत होतं. बाबांनी ते उगाचच कितीतरी वेळा उघडून पाहिलं.

टेस्टच्या दिवशी माझं नाव पुकारलं तेव्हा इन्स्पेक्टर आधीच गाडीत बसले होते. नवं लॉक मी साफ विसरले. मी झपाझप चालत डावीकडे गेले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "एक्स्क्यूज मी, सर."

मी कागद द्यायला आले असं समजून त्यांनी हात पुढे केला. मी उजवा पाय पुढे केला. तो त्यांच्या फाइलवर पडला. कुंपणापलीकडे बाबा जिवाच्या आकांताने उजवीकडे बोट दाखवत होते. पाय बरोबर टाकलास, असं ते सांगताहेत असा माझा समज झाला, आणि मी डाव्या पायाचीही तयारी केली.

"अम्मा," इन्स्पेक्टर फाइल सोडवत म्हणाले, "गाडी चलाना बाद में. पैले बैठना सीखके आओ."

मी इंजिन सुरू न करता नापास झाले. पुढची तारीख मिळेपर्यंत नांदेडचा भाचा एकदा येऊन, आमच्याकडे पोहे खाऊन गेला. (तोही माझ्याइतकाच कमी बोलतो. भेट फार लांबली.)

दुसऱ्या वेळी इन्स्पेक्टर तेच होते. मी वाटभर 'उजवीकडून, उजवीकडून' घोकत गेले आणि बिनचूक उजव्या दारापाशी जाऊन उभी राहिले. हातही कडीवर ठेवला. पण त्यांनी मला ओळखलं होतं. ते खाली उतरले, डावीकडचं दार माझ्यासाठी उघडं धरलं आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा प्रेमळ आवाजात म्हणाले, "आओ अम्मा, पैले तुम चढ जाओ. फिर मैं बैठता."

दार दुरुस्त झालंय, मला आता इकडून बसता येतं, एवढंच सांगायचं होतं. रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. मी वळसा घालून डावीकडे गेले. उजवा पाय, ओढणी, बाकीची मी.

"अब बराबर," म्हणत इन्स्पेक्टर शेजारी बसले आणि त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली. गाडी अजून सुरू व्हायची होती. ते लायसन्स मला गाडी चालवण्याचं मिळालं की चढण्याचं, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.