काड्यांचं छप्पर

चहाचा कप दिला की साहेब आधी त्याची कड दोन बोटांत धरून पाहत. म्हणत, "मावशी, इतकं जाड कावून?" पोळी असो, पुठ्ठा असो, तोच प्रश्न. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. जठारपेठेतल्या त्यांच्या ऑफिसात मी झाडझूड आणि चहा करायची. ते इमारतींचे इंजिनिअर.

एकदा त्यांनी मला कॉम्प्युटर दाखवला. मी मागेच उभी राहिले. पडद्यावर लोखंडी काड्यांचं छप्पर होतं. ते एक आकडा सरकवत, तशा साऱ्या काड्या आपोआप बदलत. छपराला उंची दिली की काड्या बारीक होत. एखादी फारच बारीक झाली की लाल दिसे.

"लाल म्हणजे वारा तिले मोडीन. त्याच्या आधी थांबायचं. लागते तेवढंच लोखंड."

छप्पर अंजनगाव सुर्जीच्या बाजारासाठी होतं. ते त्यांचं गाव. वर्षं नापिकीची, आणि हाती येई तो कापूसही उघड्यावर अवकाळी पावसात भिजे. वर्गणी जेमतेम जमली होती. तिच्यात भागेल असं छप्पर ते उन्हाळाभर घडवत बसले.

गावची माणसं चित्र पाहायला आली. साहेबांच्या वडिलांचे दोस्त, एक म्हातारे काका, म्हणाले, "बाबू, हे छप्पर हाय का चाळण?"

सगळे हसले. साहेबही हसले. "काका, आपल्या पानमळ्याचा मांडव काड्यायचाच रायते ना? तुमी जनमभर त्याच्याखाली हिंडले."

"तो पडला तं पानं जातीन. हे पडलं तं माणसं."

गावानं काड्यांऐवजी जाड गर्डर, लोखंडी तुळया, घ्यायचं ठरवलं. वर्गणी त्यांना पेलणाऱ्या खांबांतच संपेल, वर काही पोचणार नाही, हे साहेबांनी परोपरीनं सांगितलं. ती माणसं चहा पिऊन, देवाचा प्रसाद हातावर ठेवून गेली.

संध्याकाळी मी कप उचलायला गेले. पडद्यावर ते छप्पर तसंच होतं, एकही काडी लाल नव्हती.

"वारा धरला होता मी हिशेबात, मावशी," ते म्हणाले. "लोकायचं भेव धरलं नाई."

त्यानंतर ते कपाची कड पाहीनासे झाले. पुढं ऑफिस बंद करून पुण्याला गेले. परत आल्याचं ऐकलं नाही.

मागच्या हिवाळ्यात भाचीकडे अंजनगावला गेले होते. बाजारात खांब उभे आहेत, वर आभाळ. मधे भिजलेला कापूस पसरला होता, बाया तो उलटापालटा करत होत्या. मी एका खांबाला हात लावला. कवेतसुद्धा मावत नव्हता.