बोडीकाठच्या वाटेवर दोघी

माझ्या सासूबाई उभ्या आयुष्यात जंगलात फिरायला म्हणून कधी गेल्या नव्हत्या. कामाला गेल्या होत्या, किती वेळा त्याची गणतीच नाही. सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपत्त्याला, बैल चुकला तर बैल शोधायला. पण नुसतं चालण्यासाठी जंगलात जायचं, हे त्यांच्या गळी उतरवायला मला अख्खा हिवाळा लागला.

सासरे गेले, कोंढ्याच्या घराला कुलूप लागलं आणि आई आमच्याकडे अड्याळला राहायला आल्या. आम्ही त्यांना आईच म्हणतो. नवरा आणि मी दोघंही शाळेत शिकवतो, त्यामुळे दिवसभर त्या घरात एकट्या. हातात ना निंदणं, ना शेणपाणी. वर्षभरात गुडघे आखडले, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण यांना रोज चालवा. शाळेच्या मैदानावर सकाळी बायका फेऱ्या मारतात, तिथं त्यांना घेऊन गेले. त्या कोपऱ्यात पदर सावरून उभ्या राहिल्या. घाण्याच्या बैलासारख्या ह्या बाया गोल गोल कायले फिरून राहिल्या, असं त्यांनी घरी आल्यावर विचारलं.

गावापासून थोडं पुढं, जंगलाच्या कडेला एक बोडी आहे, म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. वनखात्यानं तिच्या काठानं पायवाट काढली आहे. मुरूम दाबून सपाट केलेली, चढउतार नाही, मधेमधे बसायला सिमेंटचे बाक. एक वाट बोडीला वळसा घालून परत येते. दुसरी जरा लांबची, नाल्याच्या काठानं मोहाच्या झाडांपर्यंत जाते. रविवारी तिथं भंडाऱ्याकडची माणसं लेकराबाळांना घेऊन येतात. इतर दिवशी कोणी नसतं. मी आईंना स्कूटीवर मागं बसवलं आणि एका सकाळी तिथं नेलं.

फाटकाशी त्या थांबल्या. आत यायला तयार होईनात. गारड, म्हणजे वनखात्याचा गार्ड, आहे का, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, असला तरी काय, वाट आपल्यासाठीच केली आहे. त्यांनी फाटकावर लावलेल्या फळ्यावरची अक्षरं न वाचता पाहिली आणि माझ्या मागं मागं चालू लागल्या. धान निघालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, लाखोळीचं कडधान्य हिरवं झालं होतं. बोडीवर धुकं होतं, त्यात बदकं दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. आईंचं लक्ष मात्र खाली, जमिनीवर. थोड्या वेळानं मागं वळून पाहिलं, तर त्यांच्या काखेत वाळक्या काड्यांची जुडी. आमच्या घरी गॅस आहे. पण वाळकं लाकूड दिसलं की हात आपोआप खाली जायचा.

तेवढ्यात समोरून मोटारसायकल आली. खाकी कपड्यातली तरुण वनरक्षक, मुलगीच म्हणायची. तिला पाहताच आईंनी काड्या मागच्या मागं टाकल्या, वाट सोडली आणि एका सागाच्या आड जाऊन उभ्या राहिल्या. सागाचं खोड केवढंसं, त्या पूर्ण दिसत होत्या. चेहऱ्यावर पदर ओढलेला.

"आमी काई तोडलं नाई वं बाई," त्या म्हणाल्या.

त्या मुलीला आधी काही समजलं नाही. मग तिचं लक्ष जमिनीवरच्या काड्यांकडे गेलं आणि ती गाडी लावून खाली उतरली. ती रागावली नाही आणि हसलीही नाही. आजी, कोणत्या गावच्या तुम्ही, असं विचारलं. गुडघा दुखत असेल तर पुढं सावलीत बाक आहे, चला, मी येते, म्हणाली. आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग ती मुलगी एका बाजूला, मी एका बाजूला, अशा आम्ही त्यांना बाकापर्यंत नेलं. थोडा वेळ बसून, पुन्हा या म्हणून ती गेली. गाडीचा आवाज विरला. नंतर आईंनी जे सांगितलं, ते मी लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ऐकलेलं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आई आणि गावातली दुसरी एक नवी सून, अशा दोघी सरपणाला बरोबर जायच्या. ती बौद्ध वस्तीतली, घर विहाराला लागून. आमचं घर शेतकऱ्याचं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. गावात दोघींची विहीर वेगळी. जंगलात मात्र एकाच झिऱ्यातलं पाणी प्यायच्या, एकीच्या फडक्यातली भाकर दुसरी खायची. माहेरच्या गोष्टी तिथंच व्हायच्या, कारण सासरी त्या ऐकणारं कोणी नव्हतं.

एकदा मोळ्या बांधून झाल्या आणि गारड आला. दोघी मोळ्या टाकून पळाल्या. आई पुढं निघून गेल्या. मागं ओरडणं ऐकू आलं. मैत्रीण नाल्यात पडली होती, पाय मुरगळून अंगाखाली आला होता. गारड काठावर उभा होता.

"मंग?" मी विचारलं.

"मंग का. मी परतून आली."

गारडानं दोघींच्या कुऱ्हाडी घेतल्या, शिव्या दिल्या आणि निघून गेला. आईंनी तिला पाठीवर घेतलं. थांबत, बसत, गावाच्या शिवेपर्यंत आणि तिथून थेट तिच्या घरात. तिच्या सासूनं गुळाचा चहा दिला, तो प्यायल्या. संध्याकाळपर्यंत ही बातमी आमच्या घरी पोचली होती. कुऱ्हाड गेल्याबद्दल कोणी फार बोललं नाही. पाठीवर घेतलं आणि चहा प्यायली, यावर मात्र घरात कितीतरी दिवस धुसफूस चालली. पुन्हा तिच्याबरोबर जायचं नाही, असं घरच्यांनी ठरवून टाकलं. तिचा पाय गावातल्याच एकानं बसवला, तो वाकडा बसला. पुढं त्यांचं कुटुंब कामासाठी गाव सोडून गेलं. आई तिला भेटायला गेल्या नाहीत. त्याआधीही वाटेत दिसली तरी बोलणं सुटलेलंच होतं.

हे सांगताना त्या रडल्या नाहीत. बोडीकडे पाहत होत्या. धुकं उठलं होतं आणि बदकं दिसू लागली होती.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. त्यालाही यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं कोंढ्याला दोन-चार जणांना फोन केले. कळलं की ती बाई हयात आहे, नवरा वारला, एकोडीला मुलीकडे राहते. मुलीचा नंबरही मिळाला. आईंना विचारलं, बोलता का? फोनवर नको म्हणाल्या. फोनवर का बोलू, असं म्हणून आत गेल्या. आम्हाला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर त्या धुतलेलं लुगडं इस्त्री करून देशील का म्हणून वाट पाहत बसल्या होत्या.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं एकोडीला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात एक उंच, सडसडीत बाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. मुलीनं आम्हाला जयभीम केला, खुर्च्या आणल्या. ती बाई मात्र उठली नाही. एक पाय पसरलेला, दुसरा घोट्यापाशी बाहेर वळलेला. आई खुर्चीवर बसल्या नाहीत. तिच्यासमोर, जमिनीवर, दुखऱ्या गुडघ्यांसकट हळूहळू बसल्या. ती सूप हलवतच राहिली.

मग ती म्हणाली, "तू आली नाईस पाहाले."

"येऊ देलं नाई."

"ते मले ठाऊक हाये. पन तू भांडलीस का?"

"नाई," आई म्हणाल्या. "भेली मी."

त्या बाईनं सूप खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच, कोरडा. ती म्हणाली की पाय मोडल्याचं तिला कधी इतकं लागलं नाही. पोरगी झाली तेव्हा तरी मैत्रीण येईल असं वाटलं होतं, तेव्हा लागलं. आईंनी मान हलवली. ती तेव्हा वाट पाहत होती, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त तिचा तो वळलेला घोटा हातानं चाचपला, वरून खाली, जशी दुखऱ्या लेकराच्या अंगावरून आई हात फिरवते. मैत्रिणीनं पाय मागं घेतला नाही. मुलगी आत चहा ठेवायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

जेवण तिथंच झालं. निघताना आईंनी तिला बोडीच्या वाटेबद्दल सांगितलं. आता तिथं गारड पोरगी आहे, ती बसायला जागा दाखवते, हेही सांगितलं. मैत्रिणीचा विश्वास बसला नाही. मला विचारून तिनं खात्री करून घेतली. मग मुलीला म्हणाली, माझी पिशवी भर, चार दिवस जाऊन येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी त्या वाटेवर चालल्या. एकीचे गुडघे, दुसरीचा पाय, त्यामुळे चाल सारखीच पडली. मी आधी बरोबर होते. नंतर लक्षात आलं की मी असले की त्या माझ्याशी बोलतात, मला झाडांची नावं सांगतात, आणि नसले की एकमेकींशी. म्हणून मी मागं राहू लागले. वनरक्षक मुलगी एकदा भेटली, तेव्हा मैत्रिणीनंही पदर नीट केला, पण वाट सोडली नाही. नमस्कार घेतला आणि तुझं लग्न झालं का म्हणून विचारलं.

आता तिला मुलगी वर्षातून दोनदा आणून सोडते, एकदा धान निघाल्यावर आणि एकदा मोह गळायच्या दिवसांत. इतर वेळी आई शेजारणींना जमवून बोडीचा एक वळसा घालून येतात. साखर थोडी उतरली आहे, गुडघे तसेच आहेत. आमच्या घरी जेवणाच्या वेळी दोघी एकाच पाटावर बसतात आणि खरकटी ताटं कोणी उचलायची यावर रोज वाद घालतात.

मागच्या खेपेला त्या मला न सांगता नाल्याकडच्या लांबच्या वाटेनं गेल्या. उन्हं चढली तरी परत येईनात, म्हणून मी शोधायला निघाले. मोहाच्या झाडांजवळ त्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या. काय करताय, मी विचारलं. आईंनी माझ्याकडे न बघताच हात हलवला, थांब जराशी, आणि मैत्रिणीला तिच्या जावयाची अर्धी राहिलेली गोष्ट पुढं सांगायला लावली.