टिपरमामांचा पहिला प्रश्न

टिपरमामांनी कुठल्याही मुलाला ‘तू काय केलंस?’ असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. धारगळच्या आमच्या निवासगृहात पोलिसांच्या जीपमधून नवा मुलगा उतरला की मामा पायरीवर बसलेले असत आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. “तुज्या मागीलदारी काय काय आसा रे?” मागीलदार म्हणजे घराची मागची बाजू. चोरी-मारामारी करून आलेली, तोंडाला कुलूप लावलेली पोरं या प्रश्नाने गडबडत आणि मग सांगू लागत. विहीर, चुलत्याशी भांडणाचा फणस, कोंबड्यांचं खुराडं. मी नवी समुपदेशक, छापील प्रश्नावली घेऊन शेजारी उभी. मला मात्र ‘हो’, ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यापलीकडे काही मिळत नसे.

मामा दोडामार्गकडचे. डिचोलीच्या खाणींवर त्यांनी वर्षानुवर्षं टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक हाकला, खाणी बंद पडल्यावर आमच्याकडे मुलांची देखभाल करायला लागले. सकाळी मुलं रांगेत उभी राहिली की गाडी काढण्याआधी टायर बघावेत तसे ते प्रत्येकाभोवती फिरत. “मॅडम, ह्याचा आज कायतरी बिनसला हा,” म्हणत, आणि दुपारपर्यंत त्याच मुलाने ताट भिरकावलेलं असे. हे त्यांना कळतं कसं, याचं मला विलक्षण कुतूहल. एकदा सरळ विचारलं. म्हणाले, “बगूचा. लिवत बसलात तर दिसूचा नाय.” टोमणा मलाच होता, आणि तो मला चांगलाच झोंबला.

दिगू पंधरा वर्षांचा, डिचोलीच्या खाणपट्ट्यातला, मोटारसायकल चोरून आलेला. श्रावणात तो दोनदा पळाला. दोन्ही वेळा डिचोलीच्या रस्त्यावर सापडला. तिसऱ्यांदा पळाला तर त्याची रवानगी दूरच्या बंदिस्त संस्थेत होणार होती, तिथून मुलं सुधारून आल्याचं आम्ही तरी पाहिलं नव्हतं. त्याच्या फायलीत मी ‘पळून जाण्याची वृत्ती’ असं लिहून खाली रेघ मारली होती.

चवथीच्या आदल्या दिवशी मामा माझ्या टेबलाशी आले. “आपल्या गणपतीक माटोळी होयी. दिगूक घेवन रानात जातंय.” गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, फुलं बांधायची, ती माटोळी. मी म्हटलं, दिगूच कशाला? तर म्हणे, “तेका रान म्हायत आसा.” अधीक्षकांकडे जाऊन मी माझ्या सहीवर परवानगी आणली. तीनपर्यंत परत यायचं ठरलं.

चार वाजले, पाच वाजले. मी फाटकाशी येरझारा घालत होते. सहाला मामांची मोटारसायकल आली. मागे दिगू, हात झाडांच्या सालींनी ओरबाडलेले, मांडीवर फळांचं पोतं. मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, “रानात तासभर. बाकीचो वेळ तेच्या घराक.”

दिगूचा बाप दोन वर्षांपूर्वी वारला होता. घरी आई आणि लहान बहीण. तिकडची माटोळी तेव्हापासून दिगूच बांधायचा आणि यंदा ती कोण बांधणार, या काळजीने तो महिनाभर झुरत होता. हे त्याने मामांना सांगितलं होतं, मागीलदारच्या गोष्टी सांगता सांगता. आम्हाला का नाही सांगितलं, असं मी दिगूला विचारलं. तो म्हणाला, “तुमी विचारूंक ना.”

“मला सांगितलं असतं तर?” मी मामांवर चिडले.

“तुमी नाय म्हटला असता. आणि माका तेका उतर देवन झाल्ला.”

खरंच मी नाही म्हटलं असतं, आणि दिलेला शब्द मामांनी मोडला नसता. त्या संध्याकाळी मी अहवालात जे घडलं ते लिहिलं, ‘विनापरवानगी घरी नेले’. नियमाने बरोबर होतं. महिन्याअखेर मामांची नोकरी गेली. निघताना त्यांनी मला नमस्कार केला आणि म्हणाले, “खरा लिवलात, बरा केलात.” ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. दिगू पुन्हा कधी पळाला नाही. आज तो म्हापशाला मोटार गॅरेजमध्ये आहे.

पुढे वरच्या कार्यालयात चार खेटे घालून मी शेवटी नियमच करून घेतला. चवथीच्या आदल्या दिवशी मुलांना दिवसभर घरी जाता येतं. गेल्या वर्षी पाच जण गेले, सहापर्यंत चार आले. पाचवा येईना. न राहवून मी मामांना फोन लावला. आमच्यात इतक्या वर्षांत बोलणं नव्हतं. मी भडाभडा सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “घराक बापय माणूस कोण आसा तेच्या?”

“पुरुष माणूस कोणी नाही.”

“मगे अजून माटोळी बांधून जावक नाय. रवा वायच.”

मी फोन ठेवला. अहवालाचा कागद समोर होता, तो तसाच कोरा ठेवून मी फाटकाशी जाऊन थांबले.